राउटर एकच घ्या, पण तो परड्याकडच्या खोलीत लावा

प्रश्न : सर, नमस्कार. आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. घर आजेसासऱ्यांनी बांधलेले, चिऱ्याचे, वर कौले. पुढे पडवी, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि अगदी मागे परड्याला लागून थोरल्या मुलाची खोली. पुढच्या दारापासून तिथपर्यंत साठ फूट तरी भरेल. गेल्या वर्षी फायबर घेतला, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. कनेक्शन देणाऱ्यांनी त्यांचा डबा सोप्यात टीव्हीच्या मागे बसवून दिला. टीव्ही छान चालतो. सासरे सोप्यात बसून फोनवर भजने ऐकतात, त्यांची तक्रार नाही. पण मुलगा पुण्याच्या कंपनीचे काम घरून करतो, त्याची मीटिंग रोज तुटते. धाकटी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती माजघरात अभ्यासाला बसते, तिचेही क्लासचे व्हिडिओ अडकतात. पावसाळा लागला की मागच्या खोलीत आणखीच बिघडते. बेळगावला जाऊन दुकानात चौकशी केली. एक राउटर दोन हजाराला, एक सहा अँटेनांचा नऊ हजाराला, आणि तीन डब्यांचा मेश म्हणून एक संच त्याहून महाग. दुकानदार सहा अँटेनांचा घ्या म्हणाला. मुलगा मेश म्हणतो. आमचे मालक म्हणतात, आहे ते चालवा, नाहीतर मुलाने बेळगावात खोली करून राहावे. मुलगा दोन वर्षांनी घरी आला आहे, त्याला पुन्हा बाहेर पाठवायचे माझ्या जिवावर आले आहे. काय करू?
एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले. ‘पावसाळा लागला की मागच्या खोलीत आणखीच बिघडते.’ तुमच्या घराचे दुखणे त्या वाक्यात सापडते. डबा बारा महिने कोरड्यातच असतो. ओल येते ती भिंतीला.

चिरा म्हणजे जांभा दगड, आणि त्याला अंगभर बारीक भोके असतात. तुमच्याकडे मिरगाचा पाऊस सुरू झाला की गणपती येईपर्यंत भिंत पाणी पीत राहते, हात लावला तर गार लागते. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी, आणि पाणी या लहरी शोषून घेते. उन्हाळ्यात रडतखडत पलीकडे जाणारा सिग्नल ओल्या भिंतीत जिरून जातो. आता भिंती मोजा. सोपा आणि माजघर यांच्यात एक, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यात दुसरी, स्वयंपाकघर आणि मुलाच्या खोलीत तिसरी. जुन्या घरातली भिंत दीड फुटाची धरली तरी साडेचार फूट दगड झाला. मोकळ्या मैदानात साठ फूट म्हणजे वायफायला काहीच नाही. साडेचार फूट दगड मात्र कुठल्याच घरगुती राउटरला झेपत नाही, मग तो दोन हजारांचा असो की नऊ हजारांचा.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. राउटर एकच घ्या, मधल्या किमतीचा. तो सोप्यात लावू नका, मुलाच्या खोलीत लावा. सोप्यातल्या डब्यापासून तिथपर्यंत एक चांगली लॅनची तार (इंटरनेटची केबल) ओढून घ्या. साडेचार फूट दगड तारेने पार करायचा आणि वायफाय फक्त त्या त्या खोलीपुरते ठेवायचे. मुलाला बेळगावात खोली करून द्यायची गरज पडणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. मात्र पैसे खर्च करण्याआधी अर्ध्या तासाचे एक काम करा.

मुलाला लॅपटॉप घेऊन सोप्यात बसवा. कनेक्शनच्या डब्याला मागे लॅनचे पोर्ट असते, त्यात तार लावून ती थेट लॅपटॉपला जोडायची आणि वेग मोजायचा. मग तार काढून, डब्यापासून पाच फुटांवर बसून वायफायवर मोजायचा. शेवटी मागच्या खोलीत जाऊन मोजायचा. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. तारेवर ९० च्या वर आला आणि मागे ५ सुद्धा येत नसेल, तर दोष भिंतीचा, आणि खाली सांगतो ते सगळे तुमच्या उपयोगाचे आहे. पण तारेवरच २०-३० येत असेल तर लाइनमध्ये दोष आहे. तेव्हा नवा राउटर आणून काही होणार नाही. लाइनमनला बोलवा आणि प्रकाशाची पातळी मोजून दाखवायला सांगा. त्याच्याकडे हातात धरायचे यंत्र असते. आकडा उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असला तर ठीक, उणे २७ च्या खाली गेला की लाइन तुटायला लागते. डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर मोजायचीही गरज नाही, फायबर कुठेतरी वाकली किंवा तुटली आहे. लाइनमन कन्नड बोलणारा असला तरी अडचण नाही, पॉवर, लॅन हे शब्द त्याच्याही तोंडात तेच आहेत.

दुसरे काम फुकटातले. डबा टीव्हीच्या मागून काढा. टीव्हीच्या पाठीला धातूचा पत्रा असतो आणि धातूतून लहरी जात नाहीत. कडोलीला माझ्या बहिणीच्या घरी डबा लोखंडी तिजोरीच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवला होता. माजघरात फोनवर सिग्नल उणे ७८ दिसत होता. आम्ही डबा तिथून काढून दाराच्या चौकटीच्या वर, लाकडी फळीवर ठेवला, तर त्याच जागी उणे ६१ झाला. हे आकडे डीबीएमचे असतात. शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल चांगला, आणि दर तीन आकड्यांना ताकद दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणजे सतरा आकड्यांचा फरक पन्नासपट झाला. उणे ६७ च्या आत असेल तर मीटिंग चालते, उणे ८० च्या पलीकडे काहीच धड चालत नाही. फोनवर वायफाय ॲनालायझर नावाची फुकटची ॲप मिळतात, त्यात हा आकडा दिसतो. मुलाला घरभर फिरून बघायला सांगा.

तुमच्या घरात आणखी एक सोय असेल, बघून घ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांची दारे बहुधा एका रेषेत असतात, सोप्यात उभे राहिले की परड्यातली केळ दिसते. डबा अशा जागी ठेवा की त्याला माजघराचे दार समोर दिसेल. उघड्या दारातून सिग्नल सरळ आत जातो, लाकडाचे दार लावले तरी फार अडत नाही. धाकटीच्या अभ्यासाचा प्रश्न कदाचित एवढ्यानेच सुटेल. तिची बसायची जागाही दाराच्या समोर आणा. डबा हलवताना फायबरला जपा. ती केसासारखी काच आहे. बांगडीएवढ्या गोल वळणात वळवली तर चालते, पण कोपऱ्यात दाबून काटकोनात मोडली की संपली. वायर पुरत नसेल तर लाइनमनलाच हलवून द्यायला सांगा.

आता दुकानातल्या तीन डब्यांकडे येऊ.

सहा अँटेनांचा मी का नको म्हणतो ते सांगतो. वायफायने किती ताकदीने प्रसारण करावे याला सरकारी मर्यादा आहे. अँटेना वाढल्या म्हणून ती मर्यादा वाढत नाही. जास्त अँटेनांनी सिग्नल एका दिशेला थोडा नेमका करता येतो, मोकळ्या हॉलमध्ये त्याचा फायदाही होतो. पण दुसरी बाजू बघा. वायफाय म्हणजे दोघांचे बोलणे. राउटर मोठ्याने बोलला आणि मुलाच्या फोनला ते ऐकू आले, तरी फोनचे उत्तर राउटरपर्यंत पोचायला हवे ना? फोनमध्ये बहुधा दोनच छोट्या अँटेना असतात आणि बॅटरी वाचवायची म्हणून तो हळूच बोलतो. त्याचा आवाज तीन भिंतींच्या मागेच राहतो. म्हणूनच पुष्कळ घरांत सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि मीटिंग मात्र गोठलेली असते.

मेशचे तत्त्व बरोबर आहे आणि तुमचा मुलगा योग्य दिशेने विचार करतोय. घरभर दोन-तीन डबे ठेवायचे आणि सगळ्यांचे मिळून एकच नाव, एकच पासवर्ड. पण ते डबे आपसात बोलतात तेही वायफायवरच, आणि मध्ये त्याच भिंती असतात. सोप्यातला डबा माजघरातल्या डब्याशी अर्ध्या ताकदीने बोलणार, माजघरातला मागच्याशी त्याच्या अर्ध्या. मेशच्या डब्यांना आपसात तार जोडली तर ते उत्तम चालते. पण तार ओढायचीच म्हटल्यावर तीन डबे कशाला? बाजारात हजार-बाराशेचे रिपीटर मिळतात, भिंतीच्या प्लगात खोचायचे. ते घेऊ नका. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग निम्मा होऊन जातो, आणि मुळात कमकुवत सिग्नल पुढे पाठवून तो सुधारत नाही.

दोन हजारांचा डबा वाईट नाही, पण तो उलटून बघा. पहिली गोष्ट पोर्ट. स्वस्त राउटरांत अजून १०० एमबीपीएसचे पोर्ट येतात, खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात १२०० लिहिलेले असते. आज तुमचा प्लॅन १०० चा आहे, उद्या १५० किंवा २०० चा केलात तर तो वेग तारेच्या तोंडाशीच अडेल. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात १०/१०० लिहिले असेल तर ठेवून द्या, १०/१००/१००० किंवा गिगाबिट लिहिले असेल तर घ्या. राउटर घेताना माझी ही एक अट मी कधी सोडत नाही.

मग ते १२००, १५००, ३००० हे आकडे काय? ती नुसती बेरीज असते. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर लांब, साडेबारा सेंटिमीटरची. ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते पण वेग कमी. ५ ची लहर तिच्या निम्म्याहून लहान, वेग भरपूर, पण चिऱ्याच्या एका भिंतीतच ती दमते. खोक्यावरचे एएक्स ही वायफाय ६ या पिढीची खूण, आणि एएक्स ३००० म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे २४०२ यांची बेरीज. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्टीवर असतो, त्यामुळे बेरजेचा वेग कुणालाच मिळत नाही. शिवाय हे कागदावरचे आकडे. हातात त्याच्या निम्मे आले तरी समाधान मानावे. तुमच्या १०० च्या प्लॅनला यातला कुठलाही डबा वेगाने पुरून उरतो.

त्यापेक्षा पिढी बघा. खोक्यावर वायफाय ६ असे लिहिलेले हवे. २०१९ पासून या पिढीचे प्रमाणपत्र मिळू लागले आणि आता मधल्या किमतीच्या राउटरांत ती सर्रास येते. वायफाय ५ चा डबा घेतलात तर त्यातली फक्त ५ गिगाहर्ट्झची बाजू त्या पिढीची असते, २.४ ची बाजू २००९ सालच्या वायफाय ४ चीच राहते. आपल्या दगडी घरांत खरे काम २.४ वर चालते, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. एएक्स १५०० लिहिलेल्या काही डब्यांतही २.४ ची बाजू जुनीच असते. म्हणून एएक्स १८०० किंवा एएक्स ३००० घ्या, दोन्हींत २.४ वर ५७४ असतात. वायफाय ६ चा दुसरा फायदा म्हणजे एकाच वेळी अनेक फोन, टीव्ही, लॅपटॉप यांना थोडे थोडे वाटून द्यायची त्याची पद्धत चांगली आहे, आणि तुमच्यासारख्या भरल्या घरात ते जाणवते. २०२४ पासून वायफाय ७ ही आले आहे, पण त्याचा फायदा घेणारे फोन घरात नसताना त्याचे पैसे देऊ नका.

आणखी दोन गोष्टी दुकानातच विचारा. ॲक्सेस पॉइंट मोड, म्हणजे राउटरने फक्त वायफाय द्यायची सोय, आहे का, कारण तुम्हाला तो त्याच मोडमध्ये चालवायचा आहे. आणि बिघडला तर बेळगावातच बदलून मिळतो का, की खोके बांधून बाहेर पाठवावे लागते. पावती घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. दुकानदाराने मोडेम राउटर हातात दिला, ज्याच्या मागे टेलिफोनच्या वायरचे बारीक भोक असते, तर तो परत द्या. तो जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनसाठी असतो.

तारेवर थोडे जास्त लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या घराला राउटरपेक्षा तारच जास्त उपयोगी पडणार आहे. कॅट ६ म्हणून मागा. साठ फूट म्हणजे अठरा मीटर. वर चढणे, खाली उतरणे, कोपरे धरून पंचवीस-अठ्ठावीस मीटर घ्या. या तारेवर शंभर मीटरपर्यंत काही घट होत नाही, त्यामुळे दोन-चार मीटर जास्त झाली तरी चिंता नाही. फसवणूक होते ती तांब्यात. स्वस्त तार आतून ॲल्युमिनियमची असते आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा. दुकानात एक टोक सोलून घ्या आणि आतल्या एका बारीक तारेवर ब्लेडने खरवडा. आतून पांढरे चकाकले तर ॲल्युमिनियम, लालसरच राहिले तर तांबे. ॲल्युमिनियमची तार वाकवली की मोडते आणि एक-दोन पावसाळ्यांत तिच्या टोकांना खराबी येते.

तार न्यायची कुठून? आधी वर बघा. कौलारू घरांत मधल्या भिंती कित्येकदा आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात, भिंतीचा माथा आणि वासे यांच्यात मोकळी जागा असते. तुमच्याकडे तशी जागा असेल तर एकही भोक न पाडता तार भिंतींच्या माथ्यावरून सरळ मागे जाते. पण ती उघडी टाकू नका. माळ्यावर उंदीर असतात आणि त्यांना हे प्लास्टिक कुरतडायला आवडते. इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्यांकडे पीव्हीसीची पाइप मिळते, तिच्यातून घाला. चुलीच्या वरून नेऊ नका, उष्णतेने वरचे वेष्टण कडक होऊन तडकते. विजेच्या वायरला चिकटून लांबवर नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा. वर मोकळी जागा नसेल तर पागोळीखालून बाहेरच्या भिंतीने न्या आणि मागच्या खोलीत एक भोक पाडा. भोक आतून बाहेर थोडे उतरते पाडायला सांगा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत येत नाही. भोकाच्या आधी तारेला बाहेर एक झोळ द्या, पाणी तिथे टपकून जाते.

तार आली की जोडणी अगदी सोपी आहे. सोप्यातल्या डब्याच्या लॅन पोर्टमध्ये एक टोक. काही डब्यांत चारपैकी एकच पोर्ट गिगाबिटचे असते, ते कुठले हे लाइनमनला विचारून घ्या. दुसरे टोक नव्या राउटरला. नवा राउटर सुरू करून त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड निवडायचा, म्हणजे प्रत्येक फोनला, लॅपटॉपला नेटवर्कमधला पत्ता (आयपी) वाटायचे काम पुढचा डबाच करील आणि मागचा फक्त वायफाय देईल. हे केले नाही तर दोन्ही डबे असे पत्ते वाटायला बसतात आणि गोंधळ होतो. दोघांनाही तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, मग सासरे सोप्यातून परड्यात गेले तरी फोन आपोआप जवळचा डबा धरील. २.४ वर पुढच्याला १ नंबरचे चॅनल आणि मागच्याला ६ किंवा ११ द्या. ही तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. खेड्यात शेजारचे वायफाय फारसे नडत नाही. बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरे असतात, तिथल्या वाचकांनी मात्र ॲपवर रिकामे चॅनल बघूनच निवडावे.

आणि मुलाने मीटिंग वायफायवर करूच नये. राउटर त्याच्याच टेबलावर असणार, त्याला मागे तीन-चार पोर्ट असतात, एक हातभर तार सरळ लॅपटॉपला जोडावी. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा जोड मिळतो, तोही गिगाबिटचाच घ्या. मीटिंगला वेग फारसा लागत नाही, चांगल्या चित्राच्या मीटिंगलाही तीन-चार एमबीपीएस पुरतात. पण ते अखंड लागतात. तारेवर ते अखंड मिळतात.

लाइट जाण्याचे तुम्ही लिहिले नाही, पण तुमच्या भागात पावसाळ्यात दिवसातून किती वेळा जाते ते मला ठाऊक आहे. लाइट गेली तरी फायबर चालू राहते हे पुष्कळांना माहीत नसते. घरापर्यंतच्या वाटेवर जे वाटप करणारे तुकडे असतात ते नुसते काचेचे असतात, त्यांना वीज लागतच नाही. वीज लागते ती कंपनीच्या केंद्रात आणि तुमच्या घरात. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही डबे त्याच्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटे यूपीएस मिळते, फोनच्या पॉवर बँकेसारखे. ते घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या ॲडॅप्टरवरचे बारीक अक्षर वाचा. बहुधा १२ व्होल्ट असते, काहींना ९ असते, पुढे १ किंवा १.५ अँपिअर लिहिलेले असते. व्होल्ट तंतोतंत जुळलेच पाहिजेत. यूपीएसचे अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी चालत नाहीत. बॅटरीवर ८००० एमएएच लिहिले असेल तर ते ३.७ व्होल्टचे असते, म्हणजे साधारण ३० वॅट-तास. एक डबा आठ वॅटचा धरला तर तीन-साडेतीन तास. दोन डबे दोन टोकांना आहेत, म्हणून दोन यूपीएस लागतील. मुलाच्या कामासाठी ते पैसे खर्च करा, एक अँटेना कमी घेतली तरी चालेल.

विजांचे मात्र सांभाळा. वळवाचा पाऊस येतो तेव्हा मे महिन्यात एका कडाक्यात टीव्ही, मोटार, राउटर सगळे गेलेली घरे मी पाहिली आहेत. फायबरची काच वीज वाहून आणत नाही हे खरे. पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या वायरला आधारासाठी पोलादाची तार जोडलेली असते, ती लोखंडी खिळ्याला किंवा पत्र्याला टेकवून घरात आत आणू नका, बाहेरच सोडायला सांगा. ढग गडगडायला लागले की दोन्ही ॲडॅप्टर प्लगातून काढा, आणि नवी लॅनची तारही दोन्ही टोकांनी उपसून ठेवा. ती तांब्याची आहे, म्हणून एका डब्याला बसलेला धक्का ती दुसऱ्याला देऊ शकते. नुसते बटण बंद करून भागत नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. डब्याच्या पोटाला चिकटवलेला पासवर्ड बदला, आणि सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा पासवर्ड असतो तोही बदला. लोक तो विसरतात. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए ३ ही नवी पद्धत असेल तर डब्ल्यूपीए २ आणि ३ दोन्ही चालतील असे ठेवा, म्हणजे सासऱ्यांचा जुना फोनही जोडला जाईल. गल्लीतली पोरे पासवर्ड मागतात आणि आपल्याकडे नाही म्हणवत नाही. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचे वेगळे वायफाय, सुरू करा आणि त्याचा वेग बांधून ठेवा. मुलीच्या परीक्षेच्या महिन्यात ते बंद करायला कुणाचे मन दुखणार नाही.

खरेदी या क्रमाने करा: या रविवारी डबा टीव्हीमागून काढून तीन आकडे घ्या. मग तार ओढून तिच्यावर फक्त लॅपटॉप जोडून दोन दिवस मुलाला काम करू द्या. राउटर त्यानंतर आणा. तारेवर दोन दिवस मीटिंग तुटली नाही तर मालकांनाही खर्च पटेल, त्यांना त्या दिवशी मुलाच्या खोलीत बसवून ठेवा. आणि आषाढात भिंती पुरत्या ओल्या झाल्या की मागच्या खोलीतला आकडा पुन्हा मोजून मला लिहा. उणे ५० च्या आसपास असायला हवा. नसेल तर राउटर टेबलावर कुठे ठेवलाय त्याचा एक फोटो पत्रासोबत पाठवा.